पप्पांनी आणलेली फुटबॉलची कॅसेट

प्लास्टिक तापल्याचा वास आला की मला बहरीनमधल्या सनाबिसच्या घरातला आमचा व्हीसीआर आठवतो. त्या शुक्रवारी पप्पांनी बाब अल बहरीनच्या बाजारातून एक इंग्रजी कॅसेट आणली होती. कव्हरवर स्टेडियम दिसलं, आणि दादाला फुटबॉलचं वेड. पण सिनेमात मॅच जवळजवळ नव्हतीच, दोन टीमचे पाठीराखे बाटल्या घेऊन एकमेकांवर धावून जात होते. पप्पांचं इंग्रजी कामापुरतं, म्हणून नेहमीसारखं ते मला विचारत होते, "हा काय म्हणतोय गं?" "तो पोलीस आहे, खबर काढायला त्यांच्यात शिरलाय. आता त्यालाच मारामारी आवडायला लागलीय." शेजारी दादाचा पाय सारखा हलत होता आणि उजवा हात उशीखाली होता. आदल्या दिवशी रिफाच्या मैदानावर त्याने एका मुलाचं नाक फोडलं होतं, हे घरात फक्त मला माहीत होतं. "इथे असलं केलं तर व्हिसा खलास, सगळे गावी," पप्पा म्हणाले. तेवढ्यात आईने चहा पुढे केला, दादाने हात काढला आणि सोललेली बोटं पप्पांना दिसली. "हे काय रे?" दादा मान खाली घालून इंग्रजीत भराभर काहीतरी बोलला. पप्पा माझ्याकडे वळले, "काय म्हणतोय गं?" मी म्हटलं, "खेळताना पडला." दादाने माझ्याकडे पाहिलं आणि हात परत उशीखाली घातला. मराठीत सांगायचा धीर झाला नसावा, पण त्या इंग्रजीत त्याने सगळं कबूल केलं होतं. मी त्याला वाचवलं, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. आता वाटतं, त्याला खरं सांगून सुटायचं होतं आणि मी सुटू दिलं नाही.