हिरवीगार बशी

हिरव्या रंगावर माणसं इतकी का भाळतात, हे मला अजून उमगलेलं नाही. नाशिकच्या एका कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवते, तेव्हा हिरव्याविरुद्ध मी बोलणं जरा विचित्रच. पण मातीत राहणारी, डोळ्यांना न दिसणारी शेवाळं हा माझा अभ्यासाचा विषय, आणि त्यांच्यापायी माझा फार संताप झालेला आहे. शेवाळाचा काय दोष, म्हणा.

आमच्या कॉलनीपलीकडे एक मोकळा भूखंड आहे. तिथे पूर्वी प्लेटिंगचे लहान कारखाने होते. नळांना, हँडलांना चकाकी चढवायची आणि उरलेलं पाणी मागच्या मागे सोडून द्यायचं. कारखाने गेले, निकेल आणि क्रोम हे विषारी धातू मातीतच राहिले. भूखंडाला लागून वस्ती आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तिथेच राहतात. त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, तिथं थोडी भाजी लावू का? जागा नुसती पडून हाय." मी म्हटलं, "थांबा. मी माती बघते, मग सांगते." मावशी थांबल्या आणि भातकापणीला पेठकडच्या आपल्या गावी गेल्या.

मी दोन मात्या आणल्या. एक भूखंडावरची, दुसरी देवळ्याला माझ्या भावाच्या कांद्याच्या बांधावरची. काचेच्या बशीत आगरच्या जेलीचा थर द्यायचा, वर चिमूटभर माती पसरायची, बशी खिडकीत उजेडाला ठेवायची आणि वाट बघायची. देवळ्याची बशी दिसायला अगदी कळकट झाली. कुठे निळसर काळे तंतू, कुठे तपकिरी डाग, कुठे पिवळट ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र जत्रा! काचेच्या होड्यांसारखे डायॲटम, नीलहरित माळा, गोल, लांबट, नाना तऱ्हा. भूखंडाची बशी काठोकाठ पोपटी, आणि आत जिकडेतिकडे तेच ते गोल हिरवे जीव. हे गोल जीव वर्गीकरणात फार छळतात, सगळे सारखेच दिसतात. ते आतल्या आत फुटून पिलं बाहेर टाकतात की शेपटीची, पोहणारी पिलं सोडतात, हे बघितल्याशिवाय त्यांना नाव लावता येत नाही. मी बघत बसले. बहुतेक सगळे एकाच प्रकारचे निघाले. धातू सोसणारा तेवढा उरला होता.

त्या भूखंडावर लहान मुलांची बाग करायचं घाटत होतं, म्हणून मला बैठकीला बोलावलं होतं. मी दोन्ही बश्या टेबलावर ठेवल्या. बाग करवून घेणारे साहेब मी तोंड उघडायच्या आत हिरवीगार बशी उचलून म्हणाले, "ही आमची ना? वा! किती जिवंत माती!"

"साहेब, ही आजारी मातीची बशी आहे," मी म्हटलं. "चांगल्या मातीत इतके जण दाटीनं राहतात की एकट्याला पसरायला जागाच मिळत नाही. इथे बाकीचे मेले, म्हणून हा एकटा माजलाय."

"मॅडम, मेलेल्या जमिनीत काही उगवतं का?" ते म्हणाले, आणि सगळे हसले. शिकलेली माणसं होती हो! मी हात उंचावून समजावत होते, तेवढ्यात साहेब बशी घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि कुणीतरी फोटो काढला.

तो स्थानिक पेपरात छापून आला. खाली लिहिलं होतं, बागेची जमीन सुरक्षित, प्राध्यापिकेची ग्वाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेपरला फोन केला, तर म्हणाले, बघू. साहेबांकडे गेले, तर साहेब मीटिंगमध्ये. खुलासा लिहून दिला, तो कुठेच आला नाही. माझं तोंड वापरायचं आणि माझं बोलणं गिळून टाकायचं, हा कुठला न्याय?

कापणी-मळणी उरकून दोनेक महिन्यांनी मावशी परत आल्या, त्या पालकाची मोठी जुडी घेऊनच. पानं रुंद, टवटवीत.

"ही कुठली?" मी विचारलं.

"त्याच जागेतली! मी गावाला, तवर सुनेनं पेपरात तुमचा फोटो बघितला आन् बी टाकलं. ताईनं पास केली म्हनली."

"मावशी, मी नाही हो पास केली! कुणी खाल्ली ही?"

मावशींचा चेहरा उतरला. "समद्यांनी. धाकट्या नातीला तर सून रोज देती. डॉक्टर म्हनले, रक्त कमी हाय, पालक द्या."

मी चपला घातल्या आणि तशीच त्यांच्याबरोबर वस्तीत गेले. दारासमोरच्या भिंतीवर माझा फोटो भाताच्या शितांनी चिकटवला होता. त्याच्याखाली धाकटी बसली होती, पालकाची वाटी चाटूनपुसून स्वच्छ करत.