पदराखालचे डोळे

गिरणीचा सकाळचा भोंगा झाला, की विड्या वळणाऱ्या एक मावशी आमच्या दवाखान्यात येत. त्यांच्या नसांना पुन्हा पुन्हा सूज येई आणि हात बधिर होत. डोळे मिटायला लावून बोटांना कापूस टेकवायचा आणि कळलं का ते विचारायचं, हे माझं काम. त्यावरून डॉक्टर गोळ्या ठरवत.

बाकावर बसल्या बसल्याही मावशींची बोटं रिकामीच विडी वळत असत. पोरीला लाडानं म्हणावं तसं मला त्या अम्मा म्हणत. पहिल्या एक-दोन वेळा सोडल्या, तर कापूस कुठंही लावला, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "लागला की."

डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि पानं कापताना मावशींच्या हातातून कात्री पडू लागली.

पुढच्या वेळी मी कापूस लावलाच नाही. तरी मावशी म्हणाल्या, "लागला."

"मावशी, मी अजून लावलाच नाही."

डोळे उघडून त्या हसल्या. "न्हाय म्हणून डोळं उघडलं की तुझं तोंड लई बारीक झालेलं असतंय, अम्मा. बघवत न्हाय."

माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, अशी माझी समजूत होती.

मावशींनी पदर डोळ्यांवर ओढला. "आता कसं बी तोंड कर."

त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक बोटाला त्या "न्हाय" म्हणाल्या. गोळ्या वाढल्या.

दोन महिन्यांनी मी त्यांच्या करंगळीला कापूस टेकवला.

"हितं हाय," मावशी म्हणाल्या. मग पदराखालूनच त्यांनी विचारलं, "तोंड कसं झालंय आता?"

"चांगलं झालंय," मी म्हणाले.