जनरल आबा मुऱ्हाळी होतात

"गाडी तू चालव, मी विचार करतो," असं म्हणून जनरल आबांनी पहाटे असोद्यात चावी माझ्या हातात दिली. आख्खी डिव्हिजन सांभाळलेला माणूस, आणि पिंपळनेरला जायचं म्हणून रात्रभर झोपला नव्हता.

खरं तर मला त्यांच्यावर लिहायचं होतं. लेफ्टनंट जनरल म्हणून रिटायर झालेले, कपाटभर पदकं, खांद्यावर गोळीची खूण. महिनाभर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. काहीही विचारा, उत्तर एकच: "ड्यूटी होती." मग परवा स्वतःच म्हणाले, अखाजीसाठी अक्काला आणायला जातोय, येतोस का?

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो. अक्षय तृतीया म्हणजे आमची अखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आमरस ओरपतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस न्यायला जातो, तो मुऱ्हाळी. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, पिंपळनेरला दिलेली. धाकटा भाऊ होता तोवर तो आणायचा. तो वारल्यावर त्याची मुलं गेली, तर अक्कांनी त्यांना जेवू घालून परत पाठवलं. सख्खा भाऊ असताना भाच्यांसोबत येणार नाही म्हणाल्या. आबा रिटायर होऊनही पुण्यात राहिले, असोद्यात यंदा परतले. तेवढी सगळी वर्षं अक्कांनी माहेर पाहिलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर पाचला निघा. या दिवसांत दहानंतर रस्ता तापलेल्या तव्यासारखा होतो. एरंडोल, पारोळा, धुळे, सगळा हायवे झकास. बायपास सोडून धुळ्यात शिरा आणि गरम भजी खा. आम्ही दोन प्लेटी खाल्ल्या, तरी शंभराची नोट मोडून सुटे परत आले. भजी खाता खाता मी सहज विचारलं, आबा, एकाही अखाजीला तुम्ही का आला नाहीत? आणि पहिल्यांदा माणूस बोलला. लेफ्टनंट होतो तेव्हा बर्फातल्या चौकीवर होतो. मेजर होतो तेव्हा खांदा बांधून हॉस्पिटलात. ब्रिगेडियर होतो तेव्हा वाळवंटात सराव. जनरल झालो तेव्हा दिल्लीत मीटिंग. "आणि रिटायर झाल्यावर?" या प्रश्नाला त्यांनी मिरची खाल्ली.

साक्रीनंतर रस्ता अरुंद होतो, डोंगर जवळ येतात, फोनची रेंज जाते-येते. आबांचा प्लॅन मिलिटरी होता. अकराला पोचायचं, बाराला जेवायचं, एकला अक्काला घेऊन निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी असोद्यात त्यांचा सत्कार होता. मंडपसुद्धा उभा राहिला होता.

अक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या. आबा वाकले. अक्कांनी डोक्यावर हात ठेवला, रडल्या वगैरे नाहीत. शेजारणी जमल्या. एकीने विचारलं, "इतला वरीस कोठे व्हता मुऱ्हाई? वाट भुलना व्हता का?" सगळ्या हसल्या. जनरल साहेब लाजले. ही चेष्टा मुऱ्हाळ्याचा मानच असतो म्हणे.

जेवणं झाली. आबांनी घड्याळ पाहिलं आणि अक्का, पिशवी भर, असं म्हणाले. अक्का लसूणच सोलत राहिल्या.

"मुऱ्हाई रातभर ऱ्हास," त्या म्हणाल्या. म्हणजे मुऱ्हाळी रात्री मुक्कामाला राहतो. "जेवीसन लगेच जास तो पाव्हना. तू कोन शे, ते तूच ठरव."

आबांनी सत्काराचं सांगितलं. पाहुणे येणार, मंडप, हार. अक्कांनी मान डोलावली आणि जा म्हणाल्या, सावकाश जा. पिशवी मात्र भरली नाही. आबा अंगणात दोन चकरा मारून आले. मग रेंजसाठी गाडीच्या बाजूला उभे राहून त्यांनी सत्कार समितीच्या अध्यक्षांना फोन लावला.

"उद्या येता येणार नाही. वरून रजा नामंजूर झाली." समोरून काहीतरी विचारलं गेलं. "हो, माझ्याही वर आहेत."

त्या रात्री अंगणात खाटा पडल्या आणि मुऱ्हाळी घोरला.

दुसऱ्या दिवशी अक्का पुढच्या सीटवर बसल्या, जनरल मागे आंब्यांच्या टोपलीशेजारी. साक्री यायच्या आत अक्कांनी मागे वळून विचारलं, "तठे बर्फमा तुले जेवाले कोन वाढे?"

बस. आबा सुरू झाले ते धुळ्याचा टोल आला तरी थांबेनात. चौकीवरचा स्वयंपाकी कोण होता, त्याच्या पोळ्या कशा गोठायच्या, कोटाच्या आत धरून तो त्या गरम कशा ठेवायचा, आणि पुढे मेजर असताना गोळी लागली त्या दिवशी आबांना पाठीवर घेऊन खाली उतरला तोही तोच. अक्का एवढंच म्हणाल्या, "मंग त्यालेबी बलाव ना अखाजीले." आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, तो आता नाही. अक्कांनी मागे हात केला. आबांनी तो पारोळ्यापर्यंत धरून ठेवला.

असोद्यात मंडपवाल्यांनी आबांच्या फोटोला हार घालून कार्यक्रम उरकला होता. फोटो अजून खुर्चीवर होता, आणि येणारे-जाणारे त्याच्यासमोर हळहळत होते. अक्कांनी गाडीतून उतरून पहिल्यांदा तो हार काढला आणि समितीला ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

आता जळगावात खोलीवर लिहायला बसलोय. माझ्याकडे प्रश्नांची भली मोठी यादी होती. गोळी, हल्ला, पदक. ती फाडली. पुस्तक गोठलेल्या पोळ्यांपासून सुरू होतंय, आणि पहिलं पान अक्कांना वाचून दाखवायला मी उद्या असोद्याला जातोय. त्यांना आवडलं नाही तर जनरलही काही करू शकणार नाहीत.