मधलं पान

बाबा गेले आणि मी आईला नागपूरहून राजाजीनगरला माझ्या फ्लॅटवर आणलं. तिला कन्नड येत नव्हतं, समोरच्या अक्कांना मराठी. दोघींचं गूळपीठ जमलं ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

आई अक्कांना सांगायची, "वुई ड्रिंक टी. वुई डोन्ट लाइक कॉफी." ऐकून ऐकून मी वैतागले. मी सॉफ्टवेअर टेस्टर, चुका काढायचाच पगार घेते. म्हटलं, "आई, एकटीसाठी आय म्हणतात. वुई म्हणजे आम्ही."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आम्ही चहाच पितो."

जन्मात तिनं बाबांचं नाव घेतलं नाही. 'हे' म्हणायची, बस. आता ते तिच्या 'वुई'त जाऊन बसले होते, आणि तिथून त्यांना उठवायचं कसं, मला कळेना. संध्याकाळी दार उघडताना आतून तिचं बोलणं ऐकू यायचं. फोनवर असेल, असं मी स्वतःला बजावायची. फोन कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला असायचा. मला भीती वाटायची. आईचं डोकं फिरलं तर, ही एक. आणि आत खरंच कुणी असलं तर, ही दुसरी.

अक्कांच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं आलं. आईनं सांगून टाकलं, "वुई बोथ विल कम." मला सुट्टी नाही हे तिला माहीत होतं. त्या दिवशी कामात माझं लक्ष लागेना. शेवटी मीटिंग सोडून मी हॉलवर पोचले.

पंगत बसली होती. आईच्या शेजारी पान वाढलेलं, खुर्ची रिकामी. माझ्यासाठी जागा धरलीय वाटून मी सुखावले आणि खुर्ची ओढली.

आईनं हात आडवा घातला. "अगं, तिथं हे बसलेत."

खुर्चीवरचा हात मी मागे घेतला. भरल्या पंगतीत तिला काय बोलणार? अक्का लगबगीनं आल्या, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता त्या खुर्चीच्या पलीकडे नवं पान मांडलं. "सरी सरी, ओके, यू सिट हियर," म्हणाल्या.

मी बसले. आई तिकडे, मी इकडे, मध्ये ते पान. नागपूरला आम्ही असेच जेवायला बसायचो. बाबा गेल्यापासून ते मला इतके जवळ कधी वाटले नव्हते.

वाढपी पायसाच्या वाट्या घेऊन आला आणि रिकाम्या खुर्चीपाशी थबकला. "हाऊ मेनी हियर, मॅडम?"

आई माझ्याकडे बघत राहिली.

"थ्री," मी म्हणाले. "वुई आर थ्री."