भाऊजींनी उतरवलेली गाणी

मुलांनो, दिवाळीत तुम्ही पांढुर्ण्याला याल तेव्हा भाऊजी इथे नसतील. पुढच्या आठवड्यात ते कायमचे लेकीकडे रायपूरला चालले आहेत, म्हणून हे आताच लिहिते. तुमच्या आजोबांचा हा मावसभाऊ म्हणजे आधी स्वस्तात वस्तू घेऊन मग तिच्यासाठी काम शोधणारा जगातला एकमेव माणूस. एकदा संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या निम्म्या भावात मिळाल्या म्हणून त्यांनी चाळीस आणल्या. संत्र्याचं झाड एकही नव्हतं. सीडी बनवायचं सॉफ्टवेअरही असंच नागपूरहून निम्म्या किमतीत आलं, आणि कॉम्प्युटर त्यानंतर महिन्याने. डबा उघडल्यावर सवलतीचं कारण कळलं. आतलं सगळं जर्मन भाषेत होतं. भाऊजींनी पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. "वाचा न वहिनी, तुम्ही तं इंग्रजीत एम.ए. आहा!" हे इंग्रजी नाही असं मी म्हटल्यावर माझ्या पदवीबद्दल त्यांच्या मनात जी शंका बसली, ती आजवर उठलेली नाही.

शेवटी त्यांनी बटणांच्या जागाच पाठ केल्या. "डावीकडून तिसरं दाबाचं, मंग हिरवं. भाषेचं काय काम?" आणि खरंच, काही अडलं नाही. गावभरच्या कॅसेटी आणि सीडी त्यांच्याकडे येऊ लागल्या; ते त्या कॉम्प्युटरवर उतरवत आणि नव्या सीडी करून ज्याला त्याला वाटत. कॅसेट उतरवायला तासभर लागे, आणि तेवढा वेळ ते पूजेला बसल्यासारखे ताठ बसत. कोणी बोललेलं चालत नसे. मला मात्र त्यांच्या फोल्डरांचा त्रास होई. गायकाचं नाव नाही, सिनेमाचं नाही. नुसतं 'तिगाववाले', 'पोस्टामागचे', 'सौंसरची आत्या'. मी विचारलं तर म्हणाले, "गाणं ज्याच्या घरी वाजते, त्याचं असते वहिनी." त्यामुळे एकच गाणं अकरा घरांच्या नावावर.

एकदा ते लग्नाला सौंसरला गेले असताना मी ती सगळी गाणी गायकांच्या नावाने, अकारविल्हे लावली. एकेका गाण्याची सर्वांत स्वच्छ प्रत ठेवली, बाकीच्या पुसल्या. एका प्रतीत ऐन प्रेमगीतात कोणी तरी म्हशीबद्दल ओरडत होतं. ती तर मी आनंदाने पुसली.

पंधरा दिवसांनी सावरगावच्या एक बाई आल्या. "भाऊ, आमच्या घरचं ते गाणं द्या न. ह्यांनी रेडिओपाशी टेप धरून भरलं होतं. मधात ते मले आवाज देतात, 'अवं, म्हैस सुटली न!' कॅसेट तं उंदरानं खाल्ली." मग पदराशी चाळा करत हसल्या. "त्यांचं तेवढंच बोलणं आहे माझ्यापाशी."

मी तोंड उघडण्याआधीच भाऊजी म्हणाले, "माझ्याच हातून पुसल्या गेलं बाई. पण म्या लय लोकायले सीडी वाटल्या आहेत. पाहून राहिलो, थांबा."

बाई गेल्यावर मी म्हटलं, "खोटं का बोललात?"

"तुम्ही साफसफाई केली. म्या आधीच नीट लावून ठेवलं असतं तं तुम्हाले करा लागली असती का?" एवढं बोलून त्यांनी लुना काढली. माझ्यावर ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ते दोन आठवडे दारोदार फिरले, आणि चार दिवस मीही मागे बसून. तिगावला त्या बाईंच्या नणंदेकडे सीडी सापडली. पोरांनी ती पाखरं उडवायला पेरूच्या झाडाला टांगली होती. भाऊजींनी ती साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने पुसली आणि तीन दिवस पुन्हा पुन्हा लावून पाहिली. मी शेजारी बसून होते.

मी पुसलेली बाकीच्या घरांची गाणी परत आली नाहीत. त्या एका गाण्याचं पहिलं कडवं निघालं, थोडी खरखर आणि मग पुरुषाचा मोठा आवाज: "अवं, म्हैस—" पुढे चरा आहे. तेवढं सावरगावच्या बाईंच्या फोनमध्ये आहे, आणि माझ्याही.