फोटूनं खाल्लेले रंग

पहिल्या भेटीत ताराबाईंनी मला नाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या पदराचं टोक हातात घेतलं, शिवलेली मुडप बोटानं उलगडली आणि आतला रंग उजेडाकडे धरून बघितला.

"वरून उडाला, आतून अजून शाबूत हाय," त्या म्हणाल्या. "असला मोरपंखी इकडं मिळत न्हाई. नांदेडचं लुगडं हाय काय, बाई?"

साडी नांदेडचीच होती आणि मीही. शाळेत शिक्षिका म्हणून अहमदपूरला नेमणूक झाली होती आणि सकाळपासून मी भाड्याची खोली शोधत फिरत होते. आधीच्या दोन्ही घरी सगळं ठरत आलं होतं, पण आडनाव सांगितल्यावर खोली अचानक कुणा पाहुण्याला दिलेली निघाली. आम्ही बौद्ध. वडिलांनी निघताना बजावलं होतं की नाव लपवायचं नाही, मग झाडाखाली राहावं लागलं तरी चालेल. ताराबाईंचं घर तिसरं. पुढे त्यांच्या नवऱ्याचा, नारायणरावांचा फोटो स्टुडिओ, मागे राहतं घर आणि वर ती खोली.

नारायणराव शांत, भिडस्त गृहस्थ. त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी काही बोलायच्या आत ताराबाई म्हणाल्या, "खोलीत बाई ऱ्हाणार हाय का आडनाव? खिडकी लहान हाय, वारं कमी लागतंय, चालंल का ते विचारा तिला."

मी तरीही आडनाव सांगितलं. ताराबाई "बरं" म्हणाल्या आणि चहाच्या आधणात एक पेला पाणी वाढवलं. माझं लग्न होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिले.

त्या काळी फोटो काळे-पांढरे निघत. नारायणराव फोटो काढायचे आणि ज्याला हवा असेल त्याचा फोटो ताराबाई हातानं रंगवून द्यायच्या. ओसरीवर पाट टाकून त्या बसत. समोर बशीत रंग, हातात बारीक कुंचला, काडीला गुंडाळलेला कापूस. माहेर उदगीरचं, रंगाऱ्याचं. वडिलांच्या अंगणात रंगाचे हौद होते आणि लहानपणी हातपाय कधी एका रंगाचे नव्हतेच, असं त्या सांगायच्या. लग्न होऊन आल्यावर त्यांनी नवऱ्यानं काढलेले फोटो बघितले आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग. "माणसं सगळी राखंत लोळून आल्यावानी," असं त्यांचं मत पडलं.

"फोटू रंग खातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "त्यानं खाल्लेला मी परत देते. माझ्या पदरचं काही घालत न्हाई."

हे त्या अक्षरशः पाळायच्या. गिऱ्हाईक फोटो काढून गेलं की ताराबाई त्याच्या मागं धावत जाऊन टोपीचा, पोलक्याचा, बांगड्यांचा रंग विचारून येत. तेवढ्यानं भागलं नाही तर बाजाराच्या दिवशी त्या बाईला गाठून पोलक्याची बाही उलटी करून बघत. गावातल्या बायकांना याची सवय झालेली. नवीन माणूस मात्र दचकायचा. एकदा एसटी स्टँडवर त्यांनी एका अनोळखी पाटलाच्या फेट्याचा शेव धरला. पाटील खवळले. ताराबाई शांतपणे म्हणाल्या, "रागवू नका दादा, तुमच्या पोराच्या लग्नाचा फोटू माझ्यापाशी हाय. त्यात तुम्ही बिनरंगाचे बसलाव." पाटलांनी मुकाट्यानं फेटा सोडून त्यांच्या हातात दिला.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. मन्याड नदीच्या काठी भोयांची एक लहानशी वस्ती होती. नदीवर जगणारी माणसं. जाळी टाकायची, मासे बाजाराला आणायचे, उन्हाळ्यात वाळूत टरबुजांच्या वाड्या करायच्या. त्या वर्षी नदीचं पाणी आटलं आणि नुसती वाळू उरली. वस्तीतली सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर गेली. कामाचे फोटो काढायला सरकारी खात्यानं नारायणरावांना सांगितलं होतं. मातीचा बांध किती उंच झाला तेवढंच दाखवायचं होतं, पण नारायणरावांना माणसं दिसली की राहवत नसे. पाटी उचलताना, दगड फोडताना, दुपारी भाकरी खाताना, असे त्यांनी कितीतरी फोटो काढले. ज्यांचे होते त्यांनी ते मागितले आणि रंगवूनच मागितले.

गावात प्यायला पाणी मिळायची मारामार, तिथं रंग कालवायला कुठून आणायचं? ताराबाईंनी कुंचला जिभेवर ओला करायला सुरुवात केली. ते सबंध वर्ष त्यांची जीभ कधी हिरवी, कधी जांभळी असायची. असलं पोटात जाऊ नये म्हणून मी रागवायचे. त्या जीभ बाहेर काढून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "आज कोण हाय सांगा बरं?" जांभळी असली तर गिरजा. गिरजा म्हणजे वस्तीतल्या संभा भोयाची बायको. तिचं लुगडं जांभळं होतं.

हा संभा एकदा स्टुडिओत आला. त्याचा फोटो कोरड्या नदीत काढलेला. खांद्यावर जाळं आणि पायाखाली वाळू.

"काकू, तेवढं पाणी रंगवा की," तो म्हणाला.

"कुठलं पाणी?"

"हेच. वाळूवर निळं मारलं की झालं. भोई म्हनल्यावर पाणी नको का?"

ताराबाईंनी फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "संभा, तुझं धोतर फोटूनं खाल्लं, ते मी देते. पाणी काय फोटूनं न्हाई खाल्लं. ते आलं की ये."

संभा नाराज होऊन गेला. मलाही वाटलं, काय बिघडलं असतं? बिचाऱ्याचं समाधान झालं असतं. पण पुढच्या पावसाळ्यात नदी आली आणि दुसऱ्याच दिवशी संभा धावत दारात हजर झाला, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. "आलंय," एवढंच बोलला. ताराबाईंनी नवऱ्याला जेवणावरून उठवलं. कॅमेरा, तिपाई, आम्ही सगळे बैलगाडीतून नदीवर गेलो. संभा मांडीएवढ्या पाण्यात जाऊन जाळं फेकत उभा राहिला आणि काठावरून सगळी वस्ती त्याला कसं उभं राहायचं ते सांगत होती. ताराबाईंनी काठावर बसून ओंजळीत पाणी घेतलं आणि बघत राहिल्या.

फोटो रंगवून झाला तेव्हा संभाचा चेहरा उतरला. पाणी चहासारखं तांबूस होतं.

"निळं करा की वाईच," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"आलंय ते असंच आलंय," ताराबाई म्हणाल्या. "निळं येईल तव्हा बघू."

फोटो घेऊन तो दारापर्यंत गेला, पुन्हा एकदा बघितला आणि हसायलाच लागला. त्याच्या बायकोनं म्हणे बघताक्षणी ओळखलं की ही आपलीच नदी.

त्यानंतर काही वर्षांनी उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आमचं अहमदपूर त्यात आलं. लातूरला समारंभ, मिरवणुका, नव्या पाट्या. त्यातच या भागाच्या जुन्या फोटोंचं एक प्रदर्शन भरवायचं ठरलं. मांडणी करणारा तरुण साहेब मोठा हौशी होता. नारायणरावांच्या दुष्काळातल्या फोटोंची कीर्ती त्याच्या कानावर गेली होती. तो स्वतः येऊन निगेटिव्हच्या काचा आणि फिल्म घेऊन गेला आणि ताराबाईंना म्हणाला, रंगीत असतील तर तेही आणा, बघू.

ताराबाई वस्तीत गेल्या. तोवर माझं लग्न झालं होतं आणि मी दोन गल्ल्या पलीकडे राहत होते, पण त्यांच्याबरोबर गेले. लोकांनी भिंतीवरचे फोटो काढून दिले. कुणी फोटोला कुंकू लावलेलं, एकानं मागं विड्यांचं बंडल लपवलेलं. गोधडीत गुंडाळून ते आम्ही एसटीनं लातूरला नेले.

साहेबानं ते टेबलावर मांडले आणि त्याची पंचाईत झाली. माती, दगड, आभाळ सगळं करडं आणि त्यात जांभळी, हिरवी, डाळिंबी लुगडी नेसलेल्या बायका पाट्या उचलताहेत.

"ताई, फार सुंदर आहेत," तो म्हणाला. "पण लग्नघरासारखं वाटतंय. दुष्काळ वाटायला पाहिजे ना?"

"माती बघा की. मातीला मी हात लावला न्हाई."

"पण लोक माती बघणार नाहीत. लुगडी बघतील."

"मंग बघू द्या. लुगडी होतीच की. दुष्काळ पडला म्हणून काय बायका पांढरं नेसल्या होत्या?"

साहेब हसला, पण त्याचं मन होईना. शेवटी त्यानं तोड काढली. काळे-पांढरे फोटो मोठे करून मधल्या दालनात आणि रंगीत बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या रांजणांजवळ. ताराबाईंचं तोंड एवढंसं झालं. फोटो त्यांचे नव्हतेच, लोकांच्या घरातून मागून आणलेले. ते रांजणापाशी टांगले, हे आता वस्तीला काय सांगायचं?

प्रदर्शन सुरू झालं आणि वस्तीतली माणसं ट्रक करून आली. ती मधल्या दालनात गेलीच नाहीत. व्हरांड्यात स्वतःचे फोटो दिसले आणि तिथंच थांबली. ही तू, ही मी, हा मेलेला सासरा. बाहेरचे लोक पाणी प्यायला यायचे आणि तेही थांबायचे, कारण फोटोतली बाई फोटोच्या शेजारीच उभी. तेवढ्यात गिरजानं तक्रार काढली. तिचं पोलकं ताराबाईंनी गुलाबी रंगवलं होतं.

"काकू, त्या दिवशी मी राघू रंगाचं घातलं होतं. गुलाबी माझ्या जावंचं."

"इतकी वर्सं भिंतीवर होतं, तव्हा बोलली न्हाईस?"

"गुलाबी बरं दिसत होतं. पण इथं जाऊ आलीय. ती म्हणून राहिली, माझं पोलकं दे."

व्हरांडाभर हसू उसळलं. ताराबाईंनी पिशवीतून रंगाची बशी आणि कापूस काढला, फोटो भिंतीवरून उतरवला आणि तिथंच मांडी घालून बसल्या. त्यांनी गुलाबी रंग पुसला आणि पोलकं हिरवं करायला घेतलं. भोवती ही गर्दी. समारंभाचे पाहुणे मधलं दालन बघून बाहेर आले, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. ते वाकून बघत राहिले. साहेब गर्दीतून आत आला, थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. "ह्या बाईंच्या बांगड्या कसल्या होत्या?" त्यानं विचारलं. ताराबाईंनी गिरजाकडे बोट केलं. "तिलाच विचारा, समोर तर हाय."

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ताराबाई म्हणाल्या, "चला, आतले तरी बघू."

आत नारायणराव एकटेच एका कोपऱ्यात उभे होते, आपलं काही नसल्यासारखे. ताराबाई एकेका फोटोसमोर थांबत गेल्या. भाकरी मोडणारे हात. पाटी डोक्यावर चढतानाची गिरजेची मान. वाळूत उभा असलेला संभा, आणि एवढा मोठा केल्यावर त्याच्या पायापासून क्षितिजापर्यंत गेलेल्या वाळूवरच्या रेघा. त्यात कुठंच रंग नव्हता आणि कशाचीच उणीव नव्हती. त्या फोटोसमोर ताराबाई खूप वेळ उभ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या.

"हात लई चांगला हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "मी आपली रंगवत बसले. बघायचं राहूनच गेलं."

नारायणराव चष्मा पुसत म्हणाले, "तू रंगवायचीस म्हणून तर लोक काढू द्यायचे."

लग्नाला किती वर्षं झाली असतील त्यांच्या, पण त्या दिवशी परतीच्या एसटीत दोघं नवीन जोडप्यासारखी संकोचून बसली होती. मधे गोधडीत गुंडाळलेले फोटो.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. रंगीत फिल्म आली आणि ताराबाईंचं काम थांबलं. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी भेटायला गेले, तर त्या ओसरीवर बसून शेजारणीला रंगीत फोटो दाखवत होत्या आणि यंत्रानं कुठला रंग चुकवला ते मजेत सांगत होत्या. नारायणराव गेल्यावर त्या मुलीकडे, सुमनकडे, नांदेडला आल्या. तिथंच झोपेत शांतपणे गेल्या. तो प्रसंग सांगण्यासारखा काही नाही, म्हातारं माणूस जातं तशा गेल्या. मला सांगायचंय त्याआधीच्या एका सकाळबद्दल.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. हळूहळू सगळं पिवळट झालं होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शस्त्रक्रिया झाली. हिरवी पट्टी निघाली त्या दिवशी मी गेले होते. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग सुमनच्या अंगावरच्या साडीकडे आणि मग माझ्याकडे.

"मला साड्यांच्या दुकानात न्या," त्या म्हणाल्या.

"आई, डॉक्टर म्हणाले आराम करा."

"बसूनच बघते ना."

आम्ही त्यांना काळा चष्मा लावून ऑटोनं बाजारात नेलं. दुकान एका सरदारजींचं होतं. चष्मा काढून त्या गादीवर टेकल्या. सरदारजींनी हात जोडून विचारलं, "माताजी, क्या दिखाऊं?"

"लेना कुछ नहीं," ताराबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. "देखना है."

सुमन लाजेनं चूर झाली. डोळ्यांचं ऑपरेशन कालच झालंय, असं मी सरदारजींना हळूच सांगितलं. त्यांनी ताराबाईंकडे नीट बघितलं, मग मागं वळून स्वतःच एक निळी साडी काढली आणि झटक्यात त्यांच्यापुढे पसरली. ताराबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच आलं. मग दुसरी, मग तिसरी. आमसुली, चिंतामणी, अबोली, गुलबक्षी. त्या प्रत्येकीवरून तळहात फिरवत होत्या. गादीवर साड्यांचा ढीग झाला आणि नवरीसाठी आलेली एक मंडळी आपली खरेदी सोडून आमच्याकडेच बघत बसली. सरदारजींना घाम आला, पण ते थांबेनात.

तासभर झाला असेल. सुमन म्हणाली, "आई, पुरे आता. त्यांना गिऱ्हाईकं आहेत. उठ."

ताराबाईंनी मान वर केली, पार छतापर्यंत रचलेल्या कपाटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थांब की जरा. वरचा कप्पा अजून राहिलाय."