विहाराच्या दारात वाटलेले पेढे

मुंबई नाका मागे पडला आणि विमलाबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी चप्पल उचलून पिशवीत टाकली, मग दुसरीही काढली, आणि डांबरावरून अनवाणीच चालू लागल्या.

"मावशी, रिक्षा बघू का?" सुमनबाईंनी विचारलं.

"लेणीला रिक्षानं? मग घरीच नसते का बसले?"

एकोणीसशे एकोणऐंशीची बुद्ध पौर्णिमा. नाशिकरोडच्या त्यांच्या वस्तीतली माणसं दरवर्षी या दिवशी पहाटेच निघून पायी पांडवलेणीला जात. निळे झेंडे घेतलेली पोरं केव्हाच पुढे गेली होती. मागे राहिल्या होत्या या दोघीच. सुमनबाई केदारे नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, आणि विमलाबाई गांगुर्डे त्याच शाळेतल्या शिपाई. शाळेत त्यांना सगळेच मावशी म्हणत. घंटा देणं, वर्ग झाडणं, पहिलीतल्या रडक्या पोरांची नाकं पुसणं, हे सगळं त्यांच्याकडे.

सुमनबाई मुद्दाम मागे राहिल्या नव्हत्या. विमलाबाईंनी त्यांना मागे ठेवलं होतं, हे त्यांना कळत होतं आणि त्याचाच त्यांना वैताग आला होता. महिनाभर त्या मावशींना टाळत होत्या. मावशींना कोर्टाला अर्ज करायचा होता, आणि तो लिहून द्यायला त्या एकेकाला विचारत फिरत होत्या हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. आपली पाळी येणार म्हणून सुमनबाईंनी उत्तर आधीच जुळवून ठेवलं होतं: मावशी, मी सरकारी नोकर, या भानगडीत माझं अक्षर नको.

पण विमलाबाई अर्जाचं नावच काढेनात. त्या उन्हावर बोलत होत्या, अंबडच्या बाजूला पडणाऱ्या कारखान्यांच्या नव्या प्लॉटांवर बोलत होत्या.

"इथंबी कंपन्या येनार म्हनं. मल्हारी म्हनायचा, आक्का, सातपूरला दोन बशी बदलाव्या लागतात, अंबडला लागलो तर सायकलनं जाईन."

मल्हारी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. म्हणायला भाऊ. पिंपळगाव बसवंतजवळच्या खेड्यात आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि विमल पंधरा वर्षांची. कांद्याच्या खळ्यावर ती निवडायला जाई तेव्हा त्याला कडेवर घेऊन जाई आणि कांद्याच्या पातीवर गोणपाट टाकून निजवी. पोराच्या अंगाला कायम कांद्याचा वास. पुढे लग्न झालं. नवऱ्याने वर्षभर पाहिलं आणि सांगितलं, हा पोरगा तरी ठेव नाहीतर मला तरी. विमलने पोरगा ठेवला. त्याला घेऊन ती नाशकात आली, शाळेत चिकटली, त्याला शिकवलं, फिटर केलं, आणि सातपूरच्या एका कंपनीत तो लागला त्या दिवशी तिने विहारात मेणबत्त्या लावल्या.

त्याच कंपनीत वस्तीतलाच केरू होता. तो जेवणाच्या डब्यातून पितळेचे तुकडे बाहेर न्यायचा. मल्हारीने त्याला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा फोरमनला सांगितलं. केरूची नोकरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात मल्हारी बाहेर ओट्यावर झोपलेला असताना केरूने त्याच्या डोक्यात पहार घातली. आवाजाने विमलाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी त्याला पळताना पाहिलं.

साक्षीदार त्या एकट्याच. साक्ष त्यांनी अशी दिली की केरूच्या वकिलाला एक शब्द हलवता आला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या छाती बडवून ओरडल्या होत्या, "फाशी द्या त्याला, फाशी द्या!" आणि दोन महिन्यांपूर्वी सेशन कोर्टाने ती दिली. आता हायकोर्टाने कायम करायची तेवढी राहिली होती.

"तेव्हापासून तुम्ही पहिलं शील म्हणत नाही," सुमनबाई एकदम बोलून गेल्या. बोलायचं नव्हतं खरं तर. विहारात बायकांची वंदना सुमनबाईच घेत. त्या एकेक ओळ म्हणत आणि मागून बायका म्हणत. जीवहत्येपासून दूर राहीन, हे पहिलं शील. तिथे विमलाबाई ओठ मिटून घेत. दुसऱ्या शीलापासून पुन्हा आवाज सुरू.

"तुमच्या ध्यानात आलं तर."

"मला वाटलं दाढ दुखते."

विमलाबाई हसल्या. "हा. लय दुखती. पयल्याच वळीला दुखती."

"पण मावशी, फाशी सरकार देतं. तुमचा त्यात हात कुठे आला?"

"बाई, शाळंची घंटा कोन देतं?"

"तुम्ही."

"शाळा सुटती कुनाच्या हुकमानं?"

"हेडमास्तरांच्या."

"मग यखांद्या दिवशी हुकूम चुकला, पोरं लवकर सुटली, आन् एक पोरगं मोटारीखाली आलं. माझ्या हाताला रातीला झोप लागंल का?"

सुमनबाईंना हे पटलं नाही. त्या तावातावाने म्हणाल्या, "हुकूम चुकलाय कुठे इथे? केरूने मारलं. झोपलेल्या माणसाला मारलं. त्याला सोडायचं?"

"सोडा म्हनलं का म्या?" विमलाबाई रस्त्यातच थांबल्या. मागून आलेला टेम्पो भोंगा वाजवत बाजूने गेला. "हेच, हेच! कुनालाबी बोलाया गेलं की हेच. सरकारी वकिलाकडं गेले, तर म्हनला, बाई, तुमचं काम झालं, आता घरी जा. केरूच्या वकिलाकडं गेले, तर त्याला वाटलं मी साक्ष फिरवती. म्हनला, आधी यायचं ना, तेव्हा फिरल्या असत्या तर उपयोग होता. साक्ष कशाला फिरवू? म्या पाह्यला त्याला. आजबी पाह्यते डोळं मिटलं की. मग मोतीरामकडं गेले."

मोतीराम म्हणजे मल्हारीचा जिवलग मित्र आणि वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष.

"तो काय म्हणाला?"

"म्हनला, मावशी, मल्हारीच्या आत्म्याला शांती नको का मिळायला? म्या म्हनलं, आत्मा मानतोस का रं तू? जयंतीच्या भाषनात तर मानत नाय!"

सुमनबाईंना हसू आवरलं नाही. विमलाबाईही हसल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा पुन्हा आंबट झाला.

"येक जन ऐकून घेत नाय बघा. समद्यांना वाटतं म्या माफ केलं. माफ करायला तो माझा कोन लागतो? सडू दे जेलात. म्हातारा होऊ दे, दात पडू दे, डोळं जाऊ दे. माझ्या मल्हारीला निदान ठावं तरी नव्हतं, झोपीत गेला. याला तर तारीख सांगनार, खाऊ घालनार, वजन करनार, आन् मग मारनार. शानी मानसं, इस्तरीची कापडं घालून. आन् हे समदं माझ्या वरडन्यावरनं. मला नगं ते. अर्जात येवढंच म्हनते. येवढं कळायला काय मॅट्रिक लागतं?"

मॅट्रिक तर सुमनबाई होत्याच. निकालाच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आपणही 'न्याय झाला' म्हणून चहा प्यालो, हे त्यांना आठवलं. आपण इतका वेळ वाद घालतोय तो मावशींशी की त्या चहाशी, हे त्यांना कळेना. पाथर्डी फाट्यावर मंडळाच्या पोरांनी रांजण ठेवला होता. दोघी पाणी प्याल्या. लेणीचा डोंगर आता समोर दिसू लागला.

"त्या दिवशीचे पेढे तुम्ही खाल्ले व्हते का बाई?"

"मी नव्हते विहारात. शाळेतनं परस्पर माहेरी गेले होते."

"मग ऐका."

निकाल लागला त्या संध्याकाळी मोतीरामने टोपलीभर पेढे आणले आणि वंदना संपल्यावर टोपली विमलाबाईंच्या हातात दिली. मावशी, मान तुमचा, तुमच्या हातानं वाटा. विहाराच्या दारात त्या उभ्या राहिल्या. माणसं रांगेने बाहेर येत होती, हात पुढे येत होते, त्या हातावर पेढा ठेवत होत्या. त्या रांगेत तानुबाई होती. केरूची आई. मुलगा पकडला गेल्यापासून वस्तीने तिच्याशी बोलणं टाकलं होतं, फक्त विहारात तिला कोणी हटकत नसे. मागे भिंतीला टेकून बसायची. त्या दिवशी ती सिन्नरच्या लेकीकडून आली होती, एस.टी.तून उतरून थेट विहारात. निकाल तिला कळलेलाच नव्हता.

"तिनं पेढा कपाळाला लावला आन् तोंडात टाकला. मग मला इचारलं, कशाचे गं पेढे, इमल?"

सुमनबाई थबकल्या. "तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? समदे मुके झाले. कुनी तरी पोरगं हसलं. त्या हसन्यावरनं तिला उमगलं. तोंडातला गिळंना, थुंकंना. विहारात थुकायचं कसं, म्हनून तोंडाला पदर लावून तशीच गेली."

"मावशी, तुमची चूक नाही. गर्दीत हातच दिसतात, तोंड कुठे दिसतं?"

डोंगराच्या पायथ्याला भोंग्यावर कोणी तरी माणसांना रांगेत बसायला सांगत होतं. पायऱ्या सुरू होतात तिथे येऊन विमलाबाई टेकल्या आणि तळव्यातला खडा काढू लागल्या.

"तिच्या उजव्या हाताला भाजल्याचा चट्टा हाय. स्टोव्ह भडकला व्हता तवाचा. त्याच्यावर कोरफड म्याच लावली व्हती." खडा निघाला. त्यांनी तो बाजूला टाकला. "हात म्या वळखला व्हता, बाई. आन् ठिवला पेढा."

वर्गात गडबड झाली की ज्या आवाजाने सुमनबाई पोरांना गप्प करत तो आवाज त्यांच्याजवळ होता, पण इथे त्याचा काही उपयोग नव्हता. शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, "मावशी, अर्ज मी लिहून देते. कोर्टाचं कोर्ट बघेल."

"अर्ज गेला." विमलाबाई सहज म्हणाल्या. "कोर्टाभायेर तो टायपिंगवाला बसतो ना, त्यानं मारून दिला. पंधरा दिस झाले. तो म्हनला, मावशी, साक्षीदाराच्या असल्या अर्जाला तिथं कोन इचारत नाय. नाय तर नाय. म्या सांगितलं, माझ्यापुरतं झालं."

"मग आज एवढं सगळं मला..."

"तुम्ही टाळत व्हता मला. रोज बघत व्हते. घंटा झाली की मागल्या दारानं." त्या हसल्या, पण हसण्यात राग होता. "अर्जासाठी नव्हतेच येनार म्या. दुसरं काम हाय."

वर लेणीत वंदना सुरू झाली. पहिलं शील खालपर्यंत ऐकू आलं, त्यामागून शेकडो आवाज. विमलाबाईंनी हात जोडले, पण ओठ मिटलेलेच. ती ओळ संपेपर्यंत थांबल्या.

"हायकोर्टाचा निकाल लागंल यखांद्या दिवशी. फाशी कायम झाली तर मोतीराम टोपली आननार. नाय झाली, तर तानुबाईची मानसंबी आनतील, त्यांना तरी कोन अडवनार? त्या दिवशी शाळंला सुट्टी टाका बाई. विहाराच्या दारात हुब्या ऱ्हावा. तुम्ही वंदना घेता, तुमचं ऐकतील. कुनाच्याबी हातचा पेढा आत जाऊ देऊ नका, कुनाच्या तळहातावर पडू देऊ नका. आन् टोपली माझ्या हातात दिसली, तर माझ्या हातातनंबी हिसकावून घ्या. म्या रडंल, वरडंल, शिव्या देईल. ऐकू नका माझं."